जाहीर, घोषित, उघड की आवाहन? चारचौघांत सांगायचं तेव्हा शब्द कसा निवडावा

माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान सांगलीत. आधी राजवाड्याजवळ होतं, आता विजयनगरला. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस, ग्रामसभेची सूचना, रिक्षावरून फिरवायचा मजकूर, रक्षाविसर्जनाचा निरोप, मोर्चाचं निवेदन हे सगळं एकाच टेबलावर तयार होतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान असते: कुणाला तरी चार लोकांपुढे काहीतरी उघडपणे सांगायचं असतं. आणि बहुतेकांचं अडतं ते सांगण्याच्या क्रियापदावर.

गेल्या उन्हाळ्यात मिरज तालुक्यातल्या एका गावचे आबा आले. शेताचं मूळ खरेदीखत हरवलेलं, वकिलांनी पेपरात नोटीस द्यायला सांगितलेलं. वहीच्या पानावर त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं: ‘सर्व लोकांना मी घोषित करतो की माझे खरेदीखत हरवले असून त्याचा मी खुलासा करीत आहे.’

मी म्हटलं, “आबा, हे ‘घोषित’ कशाला घातलंय?”

“पेपरात यायचंय न्हवं? मोठा शब्द पायजे.”

“आणि ‘खुलासा’?”

“टीव्हीवर म्हणत्यात की. मोठा खुलासा झाला म्हणून.”

त्यांचा दोष काहीच नव्हता, पण ती नोटीस तशीच छापली असती तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की या जमिनीवरून काहीतरी वाद पेटलाय आणि म्हातारा स्वतःची बाजू मांडतोय. मराठीत खुलासा मागवतात तो ज्याच्यावर ठपका आहे त्याच्याकडून. मुख्याध्यापक शिक्षकाकडे खुलासा मागतात, बँक कर्मचाऱ्याकडे मागते. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, आणि बातम्यांमधून तो अर्थ आपल्याकडे शिरतोय. आबांचा मजकूर आम्ही एवढाच केला: ‘माझे मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे, असे या जाहीर नोटिशीने कळवितो.’ त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे बरं झालं. आपलंच वाटतंय.”

असा मजकूर स्वतः लिहायचा असेल तर मी ज्या क्रमाने विचार करतो तो क्रम खाली देतो. शब्दकोशात हे सगळे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात. वापरात मात्र प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिली पायरी : बोलणारा कोण, ते ठरवा

‘घोषित करणे’ हा अधिकाराचा शब्द आहे. ज्याच्या बोलण्याने वस्तुस्थितीच बदलते, त्याने तो वापरावा. निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला विजयी घोषित करतो आणि त्या क्षणापासून तो माणूस निवडून आलेला असतो. शासन एखादं क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित करतं आणि तिथले नियम बदलतात. वाक्याची बांधणीही ठरलेली आहे: अमुकला तमुक घोषित केले, किंवा तमुक म्हणून घोषित केले. म्हणून ‘मी घोषित करतो की माझा मोबाईल हरवला’ हे कानाला खटकतं. तुमच्या म्हणण्याने मोबाईल हरवत नाही, तो आधीच हरवलेला आहे.

सामान्य माणसाच्या हातात हा शब्द येतो तो एका ठिकाणी, स्वयंघोषणापत्रात. दाखल्यांच्या अर्जासोबत ‘मी याद्वारे घोषित करतो/करते की वरील माहिती खरी आहे’ असं लिहून सही करायची असते. तिथे तो शब्द बरोबरच आहे, कारण माहिती खोटी निघाली तर त्या सहीवरून फौजदारी कारवाई होऊ शकते. प्रतिज्ञापत्र वेगळं. ते शपथेवर, अधिकाऱ्यासमोर करतात आणि त्यात ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ असं येतं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

‘जाहीर करणे’ याहून मोकळा शब्द. तो अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इतका मुरला की परका वाटत नाही. ठरलेली पण लोकांना अजून माहीत नसलेली गोष्ट जाहीर करतात: निकाल, तारीख, उमेदवारी, सुट्टी, दर. आपल्याकडे ऊसदराच्या हंगामात हे सगळे शब्द एकाच बातमीत भेटतात. केंद्र सरकार एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) जाहीर करतं, कारखाना पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता जाहीर करतो, शेतकरी संघटना मागणी मांडते आणि ती मान्य झाली नाही तर आंदोलन पुकारते. ‘संघटनेने दर जाहीर केला’ असं लिहिलं तर चूक, कारण दर देणारी ती नाही. तिचा तो दर म्हणजे मागणी. एका शब्दाने मागणीचा निर्णय होऊन बसतो आणि गावात गैरसमज पसरतो.

सरकारी भाषेत एका शब्दाची किंमत किती असते, हे २०२३ मध्ये दुष्काळी भागाने पाहिलं. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि पुढे इतर अनेक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. ‘सदृश’ ही तीन अक्षरं वगळून कुणी गावच्या फलकावर नुसतं ‘दुष्काळ जाहीर’ लिहिलं तर ती माहिती चुकीची ठरते. शासनाचा निर्णय लोकांना सांगताना त्यातला शब्द बदलू नका. सोपं करायचं असेल तर पुढच्या वाक्यात समजावून सांगा.

याच पायरीवर ‘घोषणा’ या शब्दाची गाठ सोडवून घ्या. घोषणा करणे आणि घोषणा देणे यांत फक्त क्रियापद बदलतं, पण अर्थाचं दुसरं टोक गाठलं जातं. मंत्री घोषणा करतात, मोर्चेकरी घोषणा देतात. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज, तासगाव, इस्लामपूरला कचेऱ्यांवर मोर्चे गेले, ते घोषणा देत गेले. तेव्हा ‘सरपंचांनी पाणी योजनेच्या घोषणा दिल्या’ असं लिहू नका, सरपंच ओरडत उभे असल्यासारखं वाटतं.

दुसरी पायरी : गोष्ट आधी झाकलेली होती का?

झाकलेली, दडवलेली गोष्ट समोर येते तेव्हा जाहीर चालत नाही, तिथे ‘उघड’ लागतं. पण उघडमध्येही तीन पायऱ्या आहेत. उघड होणे म्हणजे आपोआप कळणे. उघड करणे म्हणजे ज्याला माहीत होतं त्याने सांगणे. उघडकीस आणणे म्हणजे बाहेरच्याने शोधून काढणे, आणि ते बहुतेक गुन्हा किंवा गैरव्यवहाराबद्दलच वापरतात. ‘संस्थेने आपला ताळेबंद उघडकीस आणला’ असं एका अहवालाच्या मसुद्यात आलं होतं. त्यात संस्थेने स्वतःवरच आरोप केल्यासारखं झालं. ताळेबंद प्रसिद्ध करतात किंवा सभेपुढे ठेवतात.

चव्हाट्यावर आणणे, बोभाटा करणे, गवगवा करणे, डांगोरा पिटणे या सगळ्यांत सांगणाऱ्याबद्दल नापसंती भरलेली आहे. घरातली भांडणं चव्हाट्यावर येतात. भावकीच्या वादातल्या निवेदनात ‘आम्ही हा विषय चव्हाट्यावर मांडत आहोत’ असं लिहून आणणाऱ्या बऱ्याच जणांना मी परत बसवून लिहायला लावलंय, कारण त्या वाक्याने तुम्ही स्वतःलाच कमीपणा घेता. ‘हा विषय ग्रामसभेपुढे मांडत आहोत’ म्हणा, तेवढंच वजन आणि मान दोन्ही राहतं.

गुपित मात्र फोडतात, पेपरही फुटतो. आणि ‘वाच्यता करणे’ हा शब्द जवळजवळ नेहमी नकारात येतो: कुठेही वाच्यता करू नका.

मनातलं सांगायचं असेल तर वेगळा गट. भावना, शोक, दिलगिरी, आनंद व्यक्त करतात. दिलगिरी जाहीर करत नाहीत. माफी मात्र जाहीर असू शकते, कारण ‘जाहीर माफी’ म्हणजे सर्वांसमक्ष मागितलेली माफी. चूक कबूल करतात, निषेध नोंदवतात, हरकत घेतात, ग्वाही देतात. ग्वाही हा शब्द मुळात फारसी गवाहचा, म्हणजे साक्षीचा. म्हणून त्यात नुसत्या आश्वासनापेक्षा जास्त जबाबदारी आहे. पाळायचं नसेल तर ग्वाही लिहू नये.

मृत्यूच्या निरोपात यातला कोणताच भारी शब्द नको. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ एवढ्याने भागतं. खाली रक्षाविसर्जनाचा वार, वेळ आणि ठिकाण. लोकांना नेमकी तीच माहिती हवी असते, आणि घाईत तीच राहून जाते.

तिसरी पायरी : ऐकणाऱ्याने काय करायचं आहे?

या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि त्याचे परिणामही सर्वांत वाईट होतात.

लोकांना नुसतं कळलं की पुरे असेल तर कळवणे. त्यांनी काही करावं अशी विनंती असेल तर आवाहन. केलंच पाहिजे असं असेल तर सूचना किंवा आदेश. न केल्यास धोका असेल तर इशारा. आधी सांगूनही ऐकलं नसेल तर बजावणे, ताकीद देणे. अधिकार नसताना ‘सक्त ताकीद’ लिहिलं की लोक चिडतात, आणि जीव धोक्यात असताना ‘नम्र आवाहन’ केलं की लोक बसून राहतात.

आवाहन आणि आव्हान हे दोन शब्द तर रोज एकमेकांच्या जागी पडतात. आवाहन म्हणजे बोलावणं, विनंती. गणपतीची पूजा सुरू करताना देवाला आवाहन करतात, तोच हा शब्द. आव्हान म्हणजे ललकारी. ‘नागरिकांना सहकार्याचे आव्हान करण्यात येत आहे’ असा फलक मी प्रत्यक्ष पाहिलाय. लक्षात ठेवायची सोय अशी: आवाहन करतात, आव्हान देतात.

२०१९ च्या ऑगस्टमधला प्रसंग सांगतो. कृष्णेचं पाणी चढत होतं. त्या पुरात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी पुढे ५७ फुटांच्या वर गेली, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. नदीकाठच्या आमच्या नातेवाइकांच्या गल्लीत संध्याकाळी एक रिक्षा आली. भोंग्यावरून मजकूर वाचला जात होता: ‘धरणक्षेत्रातील पर्जन्यमान व विसर्ग लक्षात घेता पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन करण्यात येत आहे.’ लोक दारात आले, ऐकलं आणि आत गेले. मावशी चुलीपाशी होत्या, त्यांनी विचारलं, “म्हणजे पाणी येणार का न्हाई?” कुणालाच सांगता येईना.

तासाभराने गल्लीतल्या एका पोराने मोटारसायकलवर उभं राहून आवाज दिला: “मावशी, काका, पाणी आज रात्री आपल्या गल्लीत येणार! जनावरं सोडा, कागदपत्रं घ्या, शाळेत चला!” पंधरा मिनिटांत गल्ली हलली. त्या पोराला आवाहन, इशारा, सूचना यांतला भेद माहीत नव्हता. पण त्याने तीन गोष्टी सांगितल्या: काय होणार, कधी होणार, काय करायचं. त्या रात्रीपासून मी रिक्षाचा कुठलाही मजकूर या तीन गोष्टी तपासल्याशिवाय हातावेगळा करत नाही.

पुराच्या मजकुरात आकडे द्यायचे तर लोकांच्या ओळखीचे द्या. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. पण विसर्गाचा आकडा ऐकून घरातल्या माणसाला काही कळत नाही. सांगलीकराला कळतात ते आयर्विन पुलाचे फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कितव्या फुटाला पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, हे नदीकाठच्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. म्हणून ‘कोयनेतून विसर्ग वाढवला आहे’ याच्या जोडीला ‘आयर्विनला पाणी सकाळपर्यंत अमुक फुटांवर जाईल’ हे प्रशासनाने दिलेलं वाक्य हवंच. आकडा स्वतः अंदाजाने घालू नका.

चौथी पायरी : शब्दांची सोयरीक पाहा

मराठीत काही नामांची क्रियापदं ठरलेली आहेत. संप, बंद, बंड, युद्ध पुकारतात. बंदची हाकही देतात. कोर्टात शिपाई नाव पुकारतो, त्याला पुकारा म्हणतात, आणि पुकारा झाला तेव्हा पक्षकार हजर नसेल तर त्याला ते महागात पडतं. मार्केट यार्डात हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांत बोली लावतात, दर निघतो. दवंडी देतात, पिटवतात, फिरवतात. अधिसूचना काढतात किंवा निर्गमित करतात, परिपत्रक काढतात, राजपत्रात प्रसिद्ध करतात. निवेदन देतात, आणि आकाशवाणीवर निवेदन करतात. नोटीस देतात, बजावतात, लावतात. यांतही फरक आहे: बजावलेली नोटीस माणसाच्या हातात गेली, लावलेली दारावर किंवा फलकावर राहिली.

भाषणाची बातमी लिहिताना ‘प्रतिपादन केले’ तेव्हाच लिहा जेव्हा वक्त्याने मुद्दा कारणांसह मांडला असेल. नुसतं शुभेच्छा देऊन बसलेल्या पाहुण्याने कसलंच प्रतिपादन केलेलं नसतं. ‘दावा केला’ लिहिलं की त्यावर तुमचा विश्वास नाही असं वाचणारा समजतो. शंका असेल तर साधं ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितले’ वापरा. ते कधी दगा देत नाहीत.

पाचवी पायरी : नोटीस लिहून काढा

जमिनीच्या व्यवहाराआधी देतात ती जाहीर नोटीस उदाहरणाला घेऊ, कारण सर्वांत जास्त चुका तिच्यात होतात. वकिलाकडून ती तपासून घ्याच, पण सांगाडा असा असतो:

‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे …, ता. …, जि. सांगली येथील गट क्र. …, क्षेत्र … ही मिळकत तिचे मालक … यांनी आमचे अशील … यांना विक्री करण्याचे ठरविले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, बक्षीस, वारसा, कूळ, वहिवाट, पोटगी अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध असल्यास, त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून … दिवसांच्या आत खालील पत्त्यावर लेखी पुराव्यासह हरकत कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास मिळकत निर्वेध आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’

यात ‘कळविण्यात येते’ आहे, घोषित नाही. ‘ठरविले आहे’ आहे, ‘विकली आहे’ नाही. व्यवहार व्हायच्या आधी ‘विकली’ लिहिणं म्हणजे खोटं विधान. मुदतीचा आकडा वकील ठरवतात. सात, चौदा, पंधरा दिवस असे आकडे नेहमी दिसतात. गट क्रमांक आणि क्षेत्र सातबारा समोर ठेवूनच टाका, तोंडी सांगितलेलं घेऊ नका. हेक्टर आणि आर यांच्यामधला एक टिंब हलला की शेताचं क्षेत्रच बदलतं.

ग्रामसभेची सूचना याहून सोपी, पण तिला वेळेचं बंधन आहे. नेहमीच्या ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. ठिकाण, तारीख, वार, वेळ आणि विषय, एवढंच लिहा. ‘सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ या वाक्यात ‘सर्वांनी’ आणि ‘बहुसंख्येने’ एकमेकांशी भांडतात, त्यातलं एक काढा. आणि ‘इतर विषय’ म्हणून महत्त्वाचा विषय झाकू नका. लोकांना विषय आधी कळावा म्हणूनच ही सूचना असते.

सहावी पायरी : बोलून सांगायचं असेल तर

दवंडीची जुनी पद्धत फार शहाणी होती. कोतवाल चौकात थांबायचा, आधी डफावर किंवा हलगीवर थाप, मग ‘ऐका हो ऐका’, मग मजकूर, आणि पुढच्या चौकात पुन्हा पहिल्यापासून. थापेने लोकांचे कान टवकारायचे, म्हणून मजकुराचं पहिलं वाक्य वाया जायचं नाही. आताच्या भोंग्यावर आपण थेट मजकूर सुरू करतो आणि रिक्षा चालत राहते. दारात येईपर्यंत माणसाला शेवटचे चार शब्द ऐकू येतात.

म्हणून मजकूर दहा-बारा सेकंदांत संपेल एवढाच ठेवा, महत्त्वाचा शब्द सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा घ्या, आणि रिक्षावाल्याला प्रत्येक वळणावर थांबायला सांगा. ‘उद्या पाणी येणार नाही. महापालिकेची सूचना. जलवाहिनीचं काम सुरू आहे, आजच पाणी भरून ठेवा. उद्या पाणी येणार नाही.’ बोलण्याच्या मजकुरात ‘करण्यात येत आहे’ची शेपटी पूर्ण काढा. कागदावर ती खपते, कानाला नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘याद्वारे’ हेही कागदावरच ठेवा.

शुद्धलेखनाचं थोडक्यात. जाहीर मध्ये ही दीर्घ, जाहिरात मध्ये हि ऱ्हस्व. जाहीरनामा आणि जाहीरपणे यांत मूळ शब्द अखंड राहतो म्हणून दीर्घच. नोटीस दीर्घ, पण नोटिशीने, नोटिशीद्वारे ऱ्हस्व. सूचना दीर्घ, सुचवणे ऱ्हस्व. कळवणे आणि कळविणे दोन्ही बरोबर, एका मजकुरात एकच ठेवा.

छापायला देण्यापूर्वी मजकूर घरातल्या अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा ज्याला विषय माहीत नाही, आणि विचारा: कोण सांगतंय, काय सांगतंय, मी काय करायचं? तीनपैकी एकाचंही उत्तर आलं नाही तर तेवढं वाक्य नव्याने लिहा. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर नुसतं कात्रण ठेवू नका, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा. आबांनी तेच केलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सातबाऱ्याच्या जोडीला, ट्रंकेत.